सूपभर कोंड्याचा मुलगा

कोंडूचा घोळणा फुटला तेव्हा तो माझ्यासमोर बसून पेढे वळत होता. हातातल्या खव्याच्या गोळ्यावर लाल थेंब पडला, पाठोपाठ दुसरा. त्याने आधी गोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मामा, आजीला सांगू नको,” तो म्हणाला. “लई पाणी वतती डोक्यावर.”

सांगावं लागलंच नाही. आत्या भट्टीच्या दारात उभी होती.

“शैले, फुटला गं परत. कांदा घेऊन ये.”

शैलाअक्का धावत आली. तिने कोंडूला मांडीवर आडवं घेतलं, त्याची मान मागे केली. आत्याने तांब्याभर गार पाणी टाळूवर ओतलं आणि फोडलेला कांदा त्याच्या नाकाशी धरला. कोंडू डोळे मिटून पडून राहिला. घशात आलेलं रक्त तो गिळत होता, ते मला त्याच्या गळ्याच्या हालचालीवरून दिसत होतं.

मी तेव्हा सोलापुरात एका दैनिकात बातम्या तपासायचं काम करत होतो. रविवारच्या पानावर एका डॉक्टरांचं सदर यायचं, तेही माझ्या हाताखालून जायचं. त्यामुळे मला एवढं ठाऊक होतं, की घोळणा फुटला तर मान मागे करायची नाही. मुलाला पुढे वाकवून बसवायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा आणि सोडायचा नाही.

“अक्का, बसव त्याला. पुढं वाकव,” मी म्हणालो आणि हात पुढे केला.

तिने माझ्या मनगटावर फटका मारला.

“नाकाला हात लावू नकोस त्याच्या.”

नाकात कडी होती. उजव्या नाकपुडीत सोन्याची बारीक कडी, नवसाची. तीच काढायला मी आलो होतो.

हे गाव भूमच्या पलीकडे, बालाघाटच्या माळावर. आत्या म्हणजे आमच्या वडिलांची सख्खी बहीण सोजर. तिच्या मुलालाच माझी थोरली बहीण शैला दिलेली. आमच्याकडे आतेभावाला मुलगी देणं म्हणजे घरातली घरात राहणं. वडिलांनी सोयरीक जुळवायला दुसरं घर पाहिलंच नव्हतं. दाजींची खव्याची भट्टी होती, चार गावांचं दूध त्यांच्या कढईत आटायचं.

कोंडूच्या आधी शैलाअक्काला दोन मुलं झाली आणि दोन्ही गेली. कशाने गेली ते मला माहीत नव्हतं. मी तेव्हा वसतिगृहात होतो, घरून आलेल्या पत्रात ‘देवाला आवडला’ एवढंच असायचं. तिसऱ्या खेपेला आत्याने माळावरच्या देवीला नवस बोलला. मूल जन्मलं की सुईणीने पदरात घेतलं आणि शैलाअक्काने सूपभर कोंडा देऊन ते तिच्याकडून विकत घेतलं. विकतचा मुलगा, म्हणजे या घराचा नाही, म्हणजे याच्यावर कुणाची नजर जाणार नाही. म्हणून नाव कोंडिबा. बाराव्या दिवशी त्याचं नाक टोचलं. सात वर्षं पुरी झाली की चैत्राच्या जत्रेत मामाने कडी काढून देवीला वाहायची. तोवर त्या नाकाला परक्याचा हात लागता कामा नये. आणि आधीच्या दोघांचं नाव कोंडूच्या देखत कुणी काढायचं नाही. काढलं तर ते याला बोलावून घेतील, असं आत्याने सांगून ठेवलं होतं.

ती बंदी घरात किती खोल गेली होती, ते मी आल्याच दिवशी पाहिलं होतं. कोंडूने पेटीतून चांदीचे दोन वाळे काढून आणले, माझ्या पंज्यात बसत नव्हते एवढेसे. “हे कुणाचे?” त्याने विचारलं. “तुझेच की,” आत्या म्हणाली आणि काढून घेतले. “पण हे तर चार हायत,” कोंडू म्हणाला. “आणखी दोन आत हायत.” आत्या चुलीकडे गेली.

जत्रा सहा दिवसांवर होती.

रक्त थांबलं. आत्या म्हणाली, “भट्टीची उष्णता हाय. दिसभर जाळापाशी बसतंय कार्टं.” दाजी कढईपाशी होते, तिथूनच त्यांनी विचारलं, “थांबलं का?” आणि “थांबलं” ऐकून पुन्हा दूध हलवायला लागले. कढईत दूध चढलं की माणूस तिथून हलू शकत नाही. हलला तर खालून लागतं आणि सगळा घाणा वाया जातो.

कोंडू भिंतीला टेकून बसला. पेढ्याला हात लावला नाही त्याने. थोड्या वेळाने म्हणाला, “मळमळतंय.” आणि उठायच्या आत भडभडून ओकला.

काळपट होतं ते. गुठळ्या होत्या. शेजारची बाई कुंपणावरून पाहत होती, ती म्हणाली, “आगं बया, काळी वकारी. हे घोळण्याचं न्हवं. कुणीतरी करून घातलंय.”

“तुझं तोंड धू आधी,” आत्या तिला म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

खव्याची जीप बार्शीला निघायच्या बेतात होती. आम्ही तिच्यातच बसलो. शैलाअक्का, तिच्या मांडीवर कोंडू, आत्या आणि मी. पायाशी खव्याच्या पाट्या, ओल्या फडक्याने झाकलेल्या. दाजी भट्टीच्या दारापर्यंत आले. “घाणा उतरला की मागनं येतो,” म्हणाले. त्यांच्या हातावरून दुधाचा फेस ओघळत होता.

वाटेत कोंडू म्हणाला, “आई, माझ्या अंगाला खव्याचा वास येतोय की खव्याला माझा?”

“गप पड,” शैलाअक्का म्हणाली.

“मामाच्या अंगाला शाईचा येतो.”

मी हसलो. दुसरं कुणी हसलं नाही.

बार्शीत मुलांच्या डॉक्टर होत्या, हंचाटे नावाच्या. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. त्यांनी कोंडूला टेबलावर झोपवलं नाही. स्टुलावर बसवलं, पुढे वाकवलं आणि त्याच्या हातात एक भांडं दिलं.

“तोंडात आलं की यात थुंकायचं. गिळायचं नाही. किती गिळलंस?”

“लई,” कोंडू म्हणाला.

“म्हणून उलटी झाली. पोटाला रक्त सोसत नाही.” त्या शैलाअक्काकडे वळल्या. “मान मागे केली होतीत ना? सगळेच करतात. बाहेर यायचं ते आत जातं, थांबत काहीच नाही. कांद्याने फक्त डोळ्यांतून पाणी येतं.”

त्यांनी नाकाकडे हात नेला आणि कडी पाहिली.

“ही काढा. दोन्ही बाजूंनी दाबायचंय मला.”

“ती काढायची नाही,” शैलाअक्का म्हणाली.

“नवस आहे का?”

“हो.”

“किती दिवस?”

“सहा.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, वाद घातला नाही. कापसाची घडी केली, कडीला सांभाळून नाक चिमटीत धरलं. दुसऱ्या हाताने त्यांनी टेबलावरचं घड्याळ कोंडूकडे फिरवलं. “मोठा काटा इथं येईपर्यंत तोंडाने श्वास घ्यायचा. मध्ये सोडून बघायचं नाही, थांबलं का, थांबलं का. त्यानेच पुन्हा सुरू होतं.” आणि तशाच बसून, नाक धरून, त्यांनी विचारायला सुरुवात केली. ताप होता का. नाकात काही घातलंय का. नाक कोरतो का. कुठलं औषध चालू आहे का.

“पहिलंच मूल?”

“पहिलंच,” शैलाअक्का म्हणाली.

मी आत्याकडे पाहिलं. आत्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती.

“घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास? लागलं, दात काढला, की खूप वेळ वाहतंय असं?”

“नाही.”

“नात्यातलं लग्न आहे?”

“आत्याचे चिरंजीव,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. काटा ठरल्या जागी आला. त्यांनी बोटं सोडली. रक्त थांबलं होतं. आत कोरडं पडू देऊ नका, बोटाने तूप लावा, नखं कापा, जाळापासून लांब ठेवा, असं सांगितलं. “बहुतेक मुलांचं एवढंच असतं,” त्या म्हणाल्या. “पण ती कडी लवकर काढलीत तर बरं. तिच्याभोवती खपली धरते आणि हा ती ओढतो.”

जीप खवा उतरवायला बाजारात गेली होती. आम्ही दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलो. आत्याने कोंडूला जवळ घेतलं. मी शैलाअक्काला बाजूला नेलं.

“काढून टाक ती कडी,” मी म्हणालो. “मामाने काढायची आहे ना? मी इथंच आहे.”

“जत्रेत.”

“अक्का, तू बी.ए. झालेली आहेस. लग्नाच्या आधी आत्याच्या अंगात यायचं तेव्हा पोट धरून हसायचीस. आत्याला घाबरतेस का? मी बोलतो तिच्याशी.”

“आत्याला?” ती म्हणाली. “आत्याने तर मागच्या महिन्यातच सांगितलं, काढू या म्हणून. मीच नको म्हटलं.”

“तू?” मी विचारलं.

“तू हसायचास त्याचं काही नाही, दिगू. मीही हसायचे. माझ्या मांडीवरून दोनदा उचलून नेलंय. दोन्ही वेळा मी डॉक्टर, औषध, सगळं केलेलं होतं. कडी नव्हती फक्त. या वेळी कडी आहे आणि हा सात वर्षांचा झालाय. आता सहा दिवस राहिलेत आणि तू मला सांगतोस काढ.”

रविवारच्या पानावर याबद्दल कधी काही आलं नव्हतं.

“शैले,” आत्याने हाक मारली. मोठ्याने नाही.

कोंडू पुढे वाकून बसला होता, डॉक्टरांनी शिकवलं तसा. दोन्ही नाकपुड्यांतून रक्त येत होतं आणि त्याच्या पायांमधल्या फरशीवर पडत होतं. तो ते मोजत असल्यासारखा पाहत होता.

आम्ही त्याला पुन्हा आत नेलं. डॉक्टरांनी या वेळी आधी नाक धरलं. एका हाताने त्यांनी त्याची चड्डी वर सारली. मांडीवर हिरवटनिळा डाग होता. नडगीवर दुसरा.

“कुठे पडलास?”

“पडलो न्हाई,” कोंडू नाकात बोलला.

“थांबलं होतं,” डॉक्टर स्वतःशीच म्हणाल्या. “नीट थांबलं होतं.” मग त्यांनी मान वर केली. “याचं नाक टोचलं तेव्हा रक्त आलं होतं का?”

“त्या दिवशी न्हाई,” आत्या म्हणाली. “तिसऱ्या दिवशी आलं. मग दोन दिस गळत होतं.”

“तिसऱ्या दिवशी?”

“लोक म्हणले, देवीनं आपला वाटा घेतला.”

डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिल्या.

“बाई, नीट आठवून सांगा. नाळ पडली तेव्हा बेंबीतून रक्त आलं होतं?”

आत्याने पदराचं टोक हातात घेतलं, बोटाला गुंडाळलं.

“ह्याच्या?” तिने विचारलं. “का पयल्याच्या?”

“आत्या,” शैलाअक्का म्हणाली.

“कुणाच्या पहिल्याच्या?” डॉक्टर म्हणाल्या. “हाच पहिला ना?”

“आत्या, तो इथं आहे.”

“तर मग बाहेर ने त्याला.”

पण त्याला बाहेर नेता येत नव्हतं. त्याचं नाक डॉक्टरांच्या चिमटीत होतं आणि बोटांच्या कडेने अजून लाल येत होतं.

“तू त्याचं कान झाक,” आत्या म्हणाली. “मी बोलती.”

शैलाअक्काने मागून दोन्ही हात कोंडूच्या कानांवर ठेवले आणि घट्ट दाबले. एवढे घट्ट की तिची नखं पांढरी पडली. समोरून डॉक्टरांनी नाक धरलेलं. त्या दोघींच्या मध्ये कोंडू तोंड उघडं ठेवून श्वास घेत होता आणि त्याचे डोळे आजीच्या तोंडावर होते.

“ह्याच्या आधी दोन झाले,” आत्या म्हणाली. “दोन्ही पोरगंच. पयल्याची नाळ पडली आन् बेंबीतनं रगत सुरू झालं. हळद भरली, राख भरली, डाक्टरनं फडकी बांधली. तासभर थांबायचं, परत सुरू. दोन दिसांत पांढरा पडला आन् गेला. बारसं बी झालं न्हवतं, नाव न्हाई त्याला. दुसरा भानुदास. त्याच्या बी बेंबीचं आलं, पर थांबलं. मग गुटगुटीत झाला. वरसाचा व्हायचा हुता. वट्ट्यावरनं पडला, एवढ्याशा. रडला, डाक्टरनं औषध दिलं, दूध प्याला, खेळला सुदीक. दुसऱ्या दिशी दुपारचा निजला तो उठलाच न्हाई. लोक म्हणले झपाटलं. मी बी तेच म्हणले. मीच ह्या सुनेला सांगितलं, की त्यांचं नाव तोंडातनं काढायचं न्हाई.” ती थांबली. “ह्याच्या बी बेंबीला आलं हुतं. थोडंच. म्हणून बाराव्या दिशी नाक टोचलं.”

शैलाअक्काचे ओठ हलत होते. ती देवीचं नाव घेत होती की त्या दोघांची माफी मागत होती, मला कळलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, “आजी, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी याला दुसऱ्यांदा घरी पाठवलं असतं.”

त्यांनी समजावून सांगितलं ते दाजींना, कारण तोवर दाजी पोचले होते, अंगावर भट्टीचेच कपडे. “याचं रक्त गोठतं. पण गोठलेलं टिकत नाही. विरजण लागतं, दही बसतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं पुन्हा पाणी होतं, तसं. त्या गाठीला पक्कं धरून ठेवणारा एक घटक रक्तात असतो, तो याच्यात फार कमी असावा. नेहमीच्या तपासणीत हे सापडत नाही. सगळं ठीक असल्याचं लिहून येतं. म्हणून मी नाळेचं विचारत होते.”

“म्हंजे आमचं आधीचं दोन्ही…” दाजी म्हणाले आणि थांबले.

“बहुतेक,” डॉक्टर म्हणाल्या. “आताच सोलापूरला न्या. मी चिठ्ठी देते.”

दाजींनी दाराच्या चौकटीला हात टेकला. मग त्यांनी कोंडूच्या नाकाकडे पाहिलं.

“ही कडी काढतो,” ते म्हणाले. “चल गं, धर त्याला.”

“कडीला आता कुणी हात लावायचा नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “तिची जखम झाली तर ती तीन दिवसांनी वाहील. रक्त चढल्यावर बघू.”

शैलाअक्काने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. तिने कोंडूच्या कानांवरचे हात अजून काढले नव्हते.

सोलापूरच्या मोठ्या इस्पितळात त्याच्या रक्ताची गुठळी करून एका द्रवात ठेवली. चांगली गुठळी तशीच राहते. कोंडूची दुसऱ्या दिवशी विरघळून गेलेली होती. मग त्याला रक्तातलं पिवळं पाणी चढवलं. पिशवीकडे बघून तो म्हणाला, “आमच्या गाईच्या तुपाचा रंग आसाच हाय.” नाकातून पुन्हा थेंब आला नाही.

जत्रेच्या दिवशी आम्ही तिथेच होतो. सकाळी तिथल्या डॉक्टरांनी कडी काढायला परवानगी दिली. आत्याने कुठूनशी हळदीची पुडी आणली, कोंडूच्या कपाळाला बोट लावलं आणि मला म्हणाली, “काढ, दिगू. रीत मामाची हाय.”

“इथं?” शैलाअक्काने विचारलं.

“तिला सवडीनं नेऊन देऊ. लांबनं बी दिसतं तिला.”

मी कडी काढली. भोकाच्या तोंडाशी एक ठिपका उमटला, तेवढाच. शैलाअक्का त्या ठिपक्याकडे कितीतरी वेळ पाहत होती. आत्याने कडी आपल्या कनवटीला लावली. कोंडूने नाकाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, “हलकं लागतंय.”

त्याच वेळी मोठे डॉक्टर फेरीला आले. मागे शिकणाऱ्या मुलामुलींचा घोळका. त्यांतल्या एका मुलीला डॉक्टरांनी पुढे केलं, विचार म्हणाले. ती नवखी होती, कागद सावरत होती. तिने शैलाअक्काला विचारलं,

“बाळाचं नाव?”

“कोंडिबा.”

“वय?”

“सातवं संपलं.”

“तुमचं हे पहिलं मूल का?”

शैलाअक्काने तोंड उघडलं. सात वर्षांची सवय तिच्या ओठांवर आलेली मला दिसली. आत्याने खिडकीकडे तोंड फिरवलं.

“तिसरा,” कोंडू म्हणाला.

त्या मुलीने मान वर केली. “कोण तिसरा?”

“मी. माझ्या म्होरं दोघं हायत. मधल्याचं नाव भानुदास. थोरल्याचं ठिवायचं राहिलंय.”

तिने ते लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं. ताप येतो का.

शैलाअक्का आपले दोन्ही तळहात समोर धरून त्यांच्याकडे पाहत होती.